कार्ल जान्स्की

कार्ल गुथे जान्स्की (२२ ऑक्टोबर, इ.स. १९०५ - १४ फेब्रुवारी, इ.स. १९५०) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ व रेडिओ अभियंता होते. आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरींचा शोध लावल्यामुळे त्यांना रेडिओ खगोलशास्त्राचे एक जनक मानले जाते.

जीवन

जान्स्की यांचा जन्म ओक्लाहोमातील नॉर्मन येथे झाला. त्यांचे वडील अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. इ.स. १९२७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने ते आयुष्यभर त्रस्त होते. वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी न्यू जर्सीतील रेड बँक येथे त्यांचे निधन झाले.

संशोधन

अटलांटिकपार दूरध्वनी सेवेत अडथळा आणणाऱ्या खरखरीचा उगम शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यासाठी त्यांनी होल्मडेल येथे फोर्ड मॉडेल-टी मोटारीच्या चाकांवर फिरणारा अँटेना उभारला. तो सुमारे १४.६ मीटर तरंगलांबीच्या लहरी टिपत असे. जवळच्या व दूरच्या गडगडाटी वादळांखेरीज एक मंद, अखंड खरखर त्यांना आढळली. आरंभी तिचा उगम सूर्य असावा असे वाटले; परंतु तिची तीव्रता दर २३ तास ५६ मिनिटांनी शिगेला पोहोचत होती. हा काळ ताऱ्यांच्या सापेक्ष पृथ्वीच्या एका परिवलनाचा असल्याने उगम सूर्यमालेबाहेरचा ठरला. धनु राशीच्या दिशेने, म्हणजे आकाशगंगेच्या केंद्राकडून, ही खरखर सर्वाधिक येत होती. इ.स. १९३३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

दूरध्वनी सेवेच्या दृष्टीने मूळ प्रश्न सुटला होता. पुढे जान्स्की यांच्याकडे इतर कामे सोपविण्यात आली आणि खगोलीय संशोधन त्यांना फारसे चालू ठेवता आले नाही. ते पुढे नेण्याचे काम ग्रोट रेबर यांनी इ.स. १९३७ मध्ये स्वतः बांधलेल्या दुर्बिणीद्वारे केले.

वारसा

रेडिओ स्रोतांची तीव्रता मोजण्याच्या एककास जान्स्की यांचे नाव आहे. उपमिलिमीटर खगोलशास्त्रातही हेच एकक वापरतात. न्यू मेक्सिकोतील व्हेरी लार्ज ॲरे या दुर्बीणसमूहाला इ.स. २०१२ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. अमेरिकेची राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळा पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी जान्स्की अधिछात्रवृत्ती देते. चिलीतील आल्मा या मिलिमीटर व उपमिलिमीटर दुर्बीणसमूहात ही वेधशाळा भागीदार आहे. या अधिछात्रवृत्तीत तरुण संशोधकांना आपला विषय स्वतः निवडता येतो. जान्स्की यांना स्वतःच्या शोधाबाबत अशी मोकळीक मिळाली नव्हती.