ग्रेगोर मेंडेल : मठांतील संशोधक

आपल्या लातूर जिल्ह्यांत दख्खनी मेंढ्यांचे कळप हांकणारे धनगर पुष्कळांनीं पाहिले असतील. कळपासाठीं एडका निवडणें हें त्यांच्या धंद्यांतील मोठें जोखमीचें काम होय. एडका स्वतः दूध देत नाहीं. परंतु त्याच्या लेकींच्या कासेंत दूध कमी उतरलें, तर कोंकरें जगत नाहींत. बापाकडून लेकीस काय मिळतें व कसें मिळतें, या कोड्याची किल्ली ज्यांनीं शोधिली ते ग्रेगोर मेंडेल हे एक धर्मगुरु होते.

त्यांचा जन्म इ. स. १८२२ मध्यें ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत एका खेड्यांतील शेतकऱ्याच्या घरीं झाला. मूळचें नांव योहान. शिक्षणास पैसा पुरेना, तेव्हां धाकट्या बहिणीनें आपल्या विवाहासाठीं ठेवलेल्या रकमेंतील वांटा भावास दिला. (पुढें त्यांनीं तिच्या मुलांच्या शिक्षणास साह्य केलें.) १८४३ सालीं ते ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठांत दाखल झाले.

ब्रनो हें लोंकरीच्या व्यापाराचें शहर. तेथील मेंढीपालकांच्या सभेंत मठाधिपति सिरिल नाप यांनीं १८३७ मध्येंच असा प्रश्न घातला होता कीं, वंशांत काय उतरतें व कसें? अशा मनुष्याचा आश्रय मेंडेल यांस लाभला. १८५० मध्यें ते शिक्षकाच्या परीक्षेंत नापास झाले. तरी नाप यांनीं त्यांस व्हिएन्नाच्या विश्वविद्यालयांत धाडलें. १८५६ मध्यें पुन्हां तीच गत झाली. परंतु त्याच वर्षीं मठाच्या बागेंत वाटाण्याचे प्रयोग सुरू झाले.

आठ वर्षांत सुमारें २८,००० झाडें त्यांनीं तपासलीं. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरांतून पहिल्या पिढींत सारे दाणे गोल निघाले. दुसऱ्या पिढींत ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक! सुरकुती नाहींशी झाली नव्हती, लपली होती. १८६६ मध्यें निबंध छापला गेला. फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १८८४ मध्यें मेंडेल वारले, आणि १९०० मध्यें त्यांच्या नियमांचा पुन्हां शोध लागला.

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळीं होण्याचा गुण दख्खनी मेंढींत आणिला. तो एकाच जनुकाचा असल्यामुळें मेंडेलच्या हिशेबानें चालतो. जुळ्यांस दूध मात्र अधिक लागतें, आणि दूध हें अनेक जनुकांचें व चाऱ्याचें मिळून फळ. त्यांतील प्रत्येक जनुक मेंडेलचाच नियम पाळतो, पण एकटा डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून फ्रान्समधील लाकोन मेंढ्यांच्या पैदाशींत एडक्याची पारख त्याच्या लेकींचें दूध मोजून करूं लागले. अलीकडे तेथें कोंवळ्या कोंकराच्या जनुकांवरूनही अंदाज बांधतात. परंतु त्या अंदाजास आधार असतो तो दुधाच्या नोंदवहीचाच.