डॉ. विल्यम कॅरी : अपुऱ्या साधनांनिशी केलेला आरंभ

हाती घेतलेले काम उत्तम व्हावे अशी इच्छा धरणे हा गुण आहे, यात शंका नाही. परंतु हाच गुण मर्यादेबाहेर गेला म्हणजे त्याचा दोष कसा होतो, हे शाळेत पदोपदी दृष्टीस पडते. निबंधाचे पहिले वाक्य मनाजोगे जुळत नाही म्हणून कित्येक विद्यार्थी तासभर कोऱ्या कागदाकडे पाहत बसतात. बोलताना व्याकरणाची चूक होईल आणि वर्ग हसेल, या भीतीने कित्येक जण इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाहीत. हे विद्यार्थी आळशी नसतात. पुष्कळदा ते वर्गातील चांगल्या बुद्धीचेच असतात. परंतु त्यांचा विचार कधी संपत नाही आणि म्हणून त्यांच्या कामास कधी आरंभ होत नाही. अशा विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे आम्ही आज डॉ. विल्यम कॅरी यांचे चरित्र ठेवीत आहोत. मराठी भाषेच्या छापील वाङ्मयाशी या पुरुषाचा फार जुना संबंध आहे, हेही त्याचे एक कारण होय.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. त्यांचे वडील प्रथम विणकर होते व पुढे गावच्या शाळेचे शिक्षक झाले. घरची स्थिती गरिबीची असल्यामुळे मुलाचे शालेय शिक्षण लवकरच संपले आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला एका चांभाराच्या हाताखाली उमेदवारीस ठेवण्यात आले. जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू व डच या भाषांचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांना ना विद्यापीठ लाभले, ना निवांत वेळ. मिळेल ते पुस्तक आणि मिळेल तो वेळ एवढ्याच भांडवलावर त्यांचे काम चालले होते.

पुढे मोल्टन या गावी ते धर्मोपदेशकाचे व शिक्षकाचे काम करू लागले. पृथ्वीवरील निरनिराळ्या देशांची माहिती जमविण्याचा त्यांना मोठा नाद होता. कागद एकास एक चिकटवून तयार केलेला जगाचा एक मोठा नकाशा त्यांनी भिंतीवर लावला होता आणि मिळालेली माहिती ते त्यावर टिपून ठेवीत. दूरदेशी जाऊन धर्मप्रसार करणे हे ख्रिस्ती मंडळींचे कर्तव्य आहे, असे त्यांचे मत बनले. परंतु त्या विषयावर लिहावे कोणी? आपल्याहून विद्वान अशा एखाद्या गृहस्थाने ते काम करावे असे त्यांना वाटत होते. त्या विद्वानांनी ते काम पत्करले नाही. शेवटी कॅरी यांनी स्वतःच लेखणी उचलली आणि १७९२ साली त्यांचे छोटेसे पुस्तक लेस्टर येथे प्रसिद्ध झाले. त्यात जगातील देशांची लांबी, रुंदी, लोकसंख्या आणि तेथील लोकांचे धर्म यांचे तक्ते दिलेले होते. यांतील कित्येक आकडे केवळ अंदाजाचे होते. सर्व आकडे बिनचूक मिळेपर्यंत ते थांबते, तर त्या काळच्या साधनांनी ते पुस्तक त्यांच्या हयातीत छापून झाले नसते.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नॉटिंगहॅम येथे बॅप्टिस्ट धर्मोपदेशकांची सभा भरली. कॅरी यांच्या प्रवचनाने मंडळी भारावून गेली, पण दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कोणताही निश्चय न होता सभा उठण्याच्या बेतात आली. तेव्हा कॅरी यांनी आपले मित्र अँड्र्यू फुलर यांस कळवळून विचारले की, याही वेळी काहीच न करता आपण परत जाणार काय? त्या एका प्रश्नाने पुढच्या सभेत योजना मांडण्याचा ठराव झाला. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे एका घरात थोडी माणसे जमली आणि त्यांनी मंडळी स्थापन केली. त्या दिवशी जमलेल्या वर्गणीचा आकडा होता १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. एवढ्या रकमेवर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास माणसे धाडण्याचा संकल्प कोणाही व्यवहारी मनुष्यास हास्यास्पद वाटला असता. पण पुढच्याच वर्षी, १३ जून १७९३ रोजी, कॅरी एका डॅनिश जहाजातून निघाले आणि नोव्हेंबरात बंगालला पोहोचले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. कॅरी यांच्या पत्नी डोरोथी यांचे मन या प्रवासास तयार नव्हते. त्यांनी आरंभी स्पष्ट नकार दिला होता. ठरलेले जहाज चुकल्यामुळे मिळालेल्या अवधीत त्यांची पुन्हा मनधरणी करण्यात आली, आणि तान्हे मूल पदरी असताना, बहीण सोबत येईल या अटीवर, त्या एका दिवसात घर सोडून निघाल्या. बंगालमध्ये प्रारंभीची वर्षे हलाखीची गेली. १७९४ साली पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला आणि त्या दुःखाने डोरोथी यांचे मन कायमचे बिघडले. १८०७ साली त्यांना मृत्यू आला. कॅरी यांच्या तडफेचा गौरव करताना त्या तडफेची किंमत दुसऱ्या कोणी किती दिली, हेही वाचकांनी ध्यानी ठेवावे. आपल्या चुकीने आपले हसे होण्याचा धोका मनुष्याने खुशाल पत्करावा. परंतु ज्या निर्णयाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडणार आहे, तेथे त्या दुसऱ्याचे मन तयार होईपर्यंत थांबणे याला दिरंगाई म्हणत नाहीत.

बंगालमध्ये मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक म्हणून काम करीत असताना कॅरी यांनी बंगाली भाषा शिकून नव्या कराराचे भाषांतर आरंभिले. रामराम बसू हे बंगाली गृहस्थ त्यांचे शिक्षक व साहाय्यक होते. ईस्ट इंडिया कंपनीचे धोरण मिशनरी लोकांस प्रतिकूल असल्यामुळे १० जानेवारी १८०० रोजी कॅरी हे डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूर येथे राहावयास आले. तेथे शिक्षक जोशुआ मार्शमन व मुद्रक विल्यम वॉर्ड यांची त्यांना साथ मिळाली. खिळे पाडण्याच्या कामी पंचानन कर्मकार हा कुशल कारागीर लाभला. आणि केवळ वर्षभरात, फेब्रुवारी १८०१ मध्ये, बंगाली नव्या कराराची छपाई पुरी झाली. प्रती काढल्या २,०००.

हे भाषांतर निर्दोष होते काय? मुळीच नाही. त्यातील वाक्यरचना जागोजाग ओबडधोबड होती आणि ही गोष्ट कॅरी यांस इतर कोणाहूनही अधिक ठाऊक होती. बंगाली गद्याची घडीच तेव्हा नीट बसलेली नव्हती. पण छापलेले पुस्तक लोकांच्या हाती गेले, लोकांनी ते वाचले, अडले तेथे ते अडले आणि त्यांच्या अडण्यातूनच दोष कळून आले. १८०६ साली दुसरी आवृत्ती निघाली. पुढे सुधारणा होत होत १८३२ साली आठवी आवृत्ती निघाली, तेव्हा कॅरी सत्तरी उलटून गेलेले वृद्ध होते. पहिल्याच खेपेस आठव्या आवृत्तीइतके चांगले लिहीन असा हट्ट त्यांनी धरला असता, तर पहिली आवृत्ती निघाली नसती आणि अर्थात आठवीही निघाली नसती.

१८०१ सालीच त्यांच्यापुढे दुसरा कसोटीचा प्रसंग आला. कलकत्त्यास गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी फोर्ट विल्यम कॉलेज स्थापिले होते. तेथे बंगाली शिकविण्यासाठी कॅरी यांस बोलावणे आले. ज्याने कधी कॉलेजची पायरी चढली नाही, त्याने कॉलेजात शिकवावे! कॅरी यांस स्वतःच्या लायकीविषयी शंका वाटली, हे स्वाभाविकच होते. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला आणि काम पत्करले. शिकवायला पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून त्याच वर्षी त्यांनी बंगाली व्याकरण आणि बंगाली संवादांचे एक पुस्तक छापून काढले. रामराम बसू यांच्याकडून राजा प्रतापादित्याचे चरित्र गद्यात लिहवून घेतले, तेही त्याच वर्षी.

पुढे संस्कृत व मराठी या भाषांचे अध्यापनही त्यांच्याकडे आले. महाराष्ट्रात राहण्याचा योग त्यांना कधी आला नव्हता. कलकत्त्यास वैजनाथ नावाच्या पंडितांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचा अभ्यास केला आणि १८०५ साली इंग्रजीतून लिहिलेले मराठीचे व्याकरण छापले. १८१० साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत. १८११ साली मराठी नवा करार निघाला. पंडित वैजनाथ यांनी सिद्ध केलेली ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ इत्यादी मराठी पुस्तकेही श्रीरामपूरच्याच छापखान्यातून बाहेर पडली. या ग्रंथांत उणिवा पुष्कळ होत्या. त्यांतील भाषांतर मुंबईकडील लोकांस समाधानकारक वाटले नाही. तेथे आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नवे भाषांतर केले. कोशाच्या बाबतीत मोल्सवर्थ यांचा १८३१ सालचा मोठा कोश पुढे मान्यता पावला. तथापि त्या मोठ्या कोशासही १८५७ साली दुसरी, सुधारलेली आवृत्ती काढावी लागली, हे विसरून चालणार नाही. मागून येणाऱ्यांस सुधारण्यासाठी तरी काही हाती असावे लागते. ते कॅरी यांनी दिले.

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, खिळे आणि हस्तलिखिते जळून खाक झाली. कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी ही वार्ता त्यांना कळविली. संस्कृत व तिच्याशी संबंध असलेल्या अनेक भाषांचा एक प्रचंड कोश कॅरी कित्येक वर्षे रचीत होते. तोही त्या आगीत गेला. सुदैवाने खिळ्यांचे मूळ ठसे व छपाईची यंत्रे बचावली. राखेतून वेचलेल्या धातूचे खिळे पुन्हा ओतून थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली. जळालेले तेलुगू व्याकरण त्यांनी पुन्हा लिहिले आणि ते १८१४ साली प्रसिद्ध झाले. मोठा कोश मात्र पुन्हा उभा राहिला नाही. या दुर्घटनेत एक धडा सहज दिसतो. जी पुस्तके उणिवांसह का होईना छापून बाहेर गेली होती, ती ठिकठिकाणी सुरक्षित होती. जे पूर्णत्वाची वाट पाहत कपाटात पडले होते, तेच अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले.

कॅरी यांच्या तत्परतेचा सर्वांत थोर प्रसंग १८२९ सालचा होय. सतीची चाल बंद व्हावी म्हणून ते अनेक वर्षे झटत होते. १७९९ साली त्यांनी ते भीषण दृश्य प्रत्यक्ष पाहिले होते. ४ डिसेंबर १८२९ रोजी लॉर्ड बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला आणि त्याचे बंगाली भाषांतर करण्याचे काम सरकारी भाषांतरकार या नात्याने कॅरी यांच्याकडे आले. कागद हाती पडले तो दिवस रविवारचा, म्हणजे उपासनेचा आणि विश्रांतीचा होता. पण भाषांतरास जितका उशीर होईल तितका एखाद्या विधवेच्या प्राणांशी खेळ होईल, हे त्यांनी जाणले. उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपवून ते आपल्या पंडितासह कामास बसले आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले. एरवी एकेका शब्दासाठी वर्षानुवर्षे खपणारा हा मनुष्य, कोठे थांबावे आणि कोठे क्षणभरही थांबू नये, हे ओळखीत होता.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांचा अंत झाला. इंग्लंड सोडल्यास एकेचाळीस वर्षे होऊनही ते एकदाही मायदेशी परतले नव्हते.

कॅरी यांची बुद्धी असामान्य होती म्हणून त्यांना हे साधले, असे म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी सुटका करून घेऊ नये. त्यांची रीत साधी होती. आज जेवढे येते तेवढ्यावर आरंभ करावा, झालेले काम दुसऱ्याच्या हाती द्यावे, दाखविलेले दोष रागावता न येता सुधारावेत आणि ही सुधारणा मरेपर्यंत सोडू नये. आरंभ करून मागे वळून न पाहणाऱ्याला आपण आरंभशूर म्हणतो. तसे होण्याचा उपदेश आम्ही करीत नाही. निबंधाचा खर्डा एका बैठकीत लिहून काढा आणि दुसऱ्या दिवशी तो तपासा. इंग्रजीचे वाक्य चुकले तरी पुरे बोला. सुधारण्यास अवकाश असतो, परंतु न लिहिलेल्या निबंधात सुधारण्यासारखे काहीच नसते.

पालकांसही एक विनंती आहे. मुलाने पहिला प्रयत्न करून आणून दाखविला म्हणजे लगेच त्यातील चुकांवर बोट ठेवू नये. प्रयत्न केला याबद्दल आधी दोन शब्द बोलावेत आणि चुका मग दाखवाव्यात. पहिल्या आवृत्तीला घरात जागा मिळाली, तर आठवीही एक दिवस त्याच घरातून निघेल.