विश्लेषण : डीएनए तोडणाऱ्या विकराने जनुकाचे कोडे कसे सोडवले?

आई-वडिलांचे गुण मुलांपर्यंत डीएनएमार्फत पोहोचतात, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १९४० च्या सुमारास मात्र बहुतेक शास्त्रज्ञ हे काम प्रथिनांचे मानत. डीएनए त्यांच्या लेखी एकसुरी रेणू होता. या समजाला पहिला तडा दिला ऑस्वाल्ड एव्हरी यांनी. त्यांचे हत्यार होते विकर, म्हणजेच एन्झाइम.

एव्हरी कोण होते?

कॅनडातील हॅलिफॅक्समध्ये १८७७ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला; वाढले न्यू यॉर्कमध्ये. १९०४ मध्ये ते डॉक्टर झाले, पण मन प्रयोगशाळेतच रमले. १९१३ पासून न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाचा एकच जिवाणू ते अभ्यासत राहिले. लग्न केले नाही.

कोडे काय होते?

ब्रिटनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये मारलेले घातक जिवाणू आणि जिवंत निरुपद्रवी जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जिवाणू सापडले! मेलेल्यांकडून जिवंतांना काहीतरी मिळाले होते. एव्हरींना आधी हे पटलेच नाही. नंतर मात्र कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांच्यासह ते त्या ‘काहीतरी’च्या मागे लागले. जिवाणूंच्या ७५ लिटर द्रावणातून हाती येई जेमतेम १० ते २५ मिलिग्रॅम पदार्थ.

विकरांनी काय दाखवले?

प्रत्येक विकर ठरावीक रेणूच तोडते. प्रथिने तोडणारी विकरे घातली, पदार्थाचा गुण कायम. आरएनए तोडणारे घातले, तरी कायम. कुत्र्याच्या आतड्याच्या अस्तरातून आणि रक्तद्रवातून काढलेले, डीएनए तोडणारे विकर घालताच गुण संपला. हाच रक्तद्रव पुरेसा तापवून विकर निकामी केले, तर गुण शाबूत! हे निष्कर्ष १९४४ मध्ये छापून आले, तेव्हा एव्हरी ६६ वर्षांचे होते.

तरीही शंका उरली. नमुन्यात प्रथिनाचा अंश राहिला असेल तर? शिवाय ही विकरे शुद्ध नव्हती. मग मॅकार्टींनी गाईगुरांच्या स्वादुपिंडातून डीएनेज हे विकर बरेच शुद्ध करून घेतले. डीएनएच्या साखळीत साखर आणि फॉस्फेट यांना जोडणारे दुवे असतात. डीएनेज तिथे पाण्याचा रेणू घुसवून ते तोडते. त्यासाठी त्याला मॅग्नेशियम लागते. १९४६ मध्ये त्यांनी दाखवले, की या विकराची अत्यल्प मात्राही गुण नष्ट करते. पण मॅग्नेशियम पकडून ठेवणारे सायट्रेट घातले, की विकर थंडावते आणि गुण वाचतो. साऱ्या प्रयोगांतला हाच सर्वांत देखणा म्हणावा लागेल.

आजच्या प्रयोगशाळांतही तेच तत्त्व चालते. आरएनए मोजण्याआधी नमुन्यातला नकोसा डीएनए डीएनेजने संपवतात, मग मॅग्नेशियम पकडणारे ईडीटीए घालून ते थांबवतात.

पुढे काय झाले?

शंकेखोर गप्प बसले नाहीत. रॉकफेलर संस्थेतलेच आल्फ्रेड मर्स्की त्यांत आघाडीवर होते. १९५२ मध्ये हर्षी आणि चेस यांनी विषाणूंवरच्या प्रयोगातून डीएनएचीच बाजू बळकट केली, पुढच्याच वर्षी दुहेरी सर्पिलाची रचना उलगडली. एव्हरी तेव्हा नॅशव्हिलमध्ये भावाजवळ राहत होते. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. अनेकदा नाव सुचवले जाऊनही नोबेल त्यांना मिळाले नाही.