चेस्टर निमिट्झ : ठपक्यानंतरची वाटचाल

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, समुद्रापासून दूर असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग येथे २४ फेब्रुवारी १८८५ रोजी चेस्टर निमिट्झ यांचा जन्म झाला. पितृछत्र जन्मापूर्वीच हरपलेले. समुद्राची ओळख झाली ती एकेकाळी खलाशी असलेल्या आजोबांकडून. वेस्ट पॉइंटच्या सैनिकी प्रबोधिनीत जागा नव्हती, म्हणून ते नौदलात आले.

१९०८ मध्ये फिलिपाइन्समध्ये त्यांच्या हाताखालील ‘डेकेटर’ ही विनाशिका गाळात रुतली. तेवीस वर्षांच्या या अधिकाऱ्यास लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागले. कारकीर्द तेथेच संपली असती. परंतु ठपक्यावर निभावले. पुढे ते पाणबुड्यांकडे वळले आणि डिझेल इंजिनांचे जाणकार झाले. इंजिनाचे प्रात्यक्षिक दाखवताना त्यांनी एका बोटाचा भागही गमावला.

पर्ल हार्बरच्या आघातानंतर ३१ डिसेंबर १९४१ रोजी त्यांनी पॅसिफिक आरमाराची सूत्रे स्वीकारली, तीही ‘ग्रेलिंग’ या पाणबुडीवर. पूर्वीच्या सेनापतींच्या हाताखालचे, पराभवाने खचलेले अधिकारी त्यांनी बदलले नाहीत. त्यांतील गुप्तवार्ता अधिकारी एडविन लेटन यांनी, सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या जोसेफ रोशफोर्ट यांच्या साह्याने, मिडवेवरील जपानी चढाईचा अचूक अंदाज दिला. ‘यॉर्कटाउन’ ही विमानवाहू नौका तेव्हा जायबंदी होती. दुरुस्तीस तीन महिने लागणार होते. निमिट्झ यांनी तीन दिवस दिले, आणि गोदीतील कामगारांनी रात्रंदिवस खपून ती समुद्रात धाडली. ४ जून १९४२ च्या हल्ल्यांत जपानच्या चार विमानवाहू नौका कामी आल्या. ‘यॉर्कटाउन’ मात्र परतली नाही. जपानी पाणबुडीच्या पाणतीरांनी तिचा घात केला.

त्यांची खरी कसोटी युद्धानंतर लागली, असे म्हणावे लागेल. पूर्वसूचनेविना व्यापारी जहाजे बुडवल्याच्या आरोपावरून जर्मन नौदलाचे कार्ल डोनिट्झ न्यूरेंबर्गच्या न्यायालयापुढे उभे होते. बचाव पक्षाने निमिट्झ यांना लेखी प्रश्न पाठवले. विजेत्यास मौन सहज शक्य होते. त्यांनी मात्र उत्तर दिले, की अमेरिकी पाणबुड्यांनीही युद्धाच्या पहिल्या दिवसापासून पॅसिफिकमध्ये तेच केले. डोनिट्झ यांना अन्य आरोपांवरून दहा वर्षांची कैद झाली. पण शिक्षा ठरवताना पाणबुडीयुद्धातील नियमभंग जमेस धरला गेला नाही.

१९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने काश्मीरमधील नियोजित सार्वमतासाठी प्रशासक नेमला, तो याच निमिट्झ यांना. सार्वमत झालेच नाही. २० फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.