डॉ. कमला सोहोनी

हिरवे पान सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु जमिनीखालच्या बटाट्याला सूर्याचे दर्शन घडत नाही. तरीही तो जिवंत असतो. त्याच्या जीवनक्रियेतील एक महत्त्वाचा दुवा एका मराठी विदुषीने शोधून काढला. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकले होते. आपणही तेथेच संशोधन करावे, अशी कमलाबाईंची इच्छा होती.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या व त्यांनी बंगळूरला अर्ज केला. नोबेल पारितोषिक मिळविलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा संस्थेचे संचालक होते. केवळ स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई खचल्या नाहीत. त्या स्वतः बंगळूरला गेल्या व नकाराचे कारण विचारू लागल्या. अखेर एक वर्ष काम पाहून निर्णय घ्यावयाचा, या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. अट अपमानाची होती. तथापि त्यांनी ती मान्य केली आणि दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर अहोरात्र काम केले. वर्षाअखेरीस रामन यांचे समाधान झाले. तेव्हापासून इतर मुलींसाठीही त्या संस्थेचे दार उघडले.

पुढे त्या इंग्लंडमधील केंब्रिज येथे गेल्या. तेथे रॉबिन हिल हे शास्त्रज्ञ वनस्पतींचा अभ्यास करीत होते. पानातील हरितकण वेगळे काढले, तरी योग्य द्रव्य घालून त्यांच्यावर प्रकाश पाडल्यास प्राणवायू बाहेर पडतो, हे त्यांनी १९३७ साली दाखविले होते. पानाने प्रकाशात साठविलेली शक्ती वनस्पती कशी वापरते, हा त्याच्याच पुढचा प्रश्न होय. वनस्पतीचे श्वसन उजेडात व अंधारातही चालू असते. त्यात प्राणवायूच्या साहाय्याने अन्नाचे हळूहळू ज्वलन होऊन शक्ती मिळते. हिल यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य आढळले. श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन पुढे पोहोचविण्याचे काम ते करते. हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, असे त्यांनी सिद्ध केले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच. डी. ही पदवी मिळाली.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी बालके व गर्भवती स्त्रिया यांना नीरा हितकारक आहे, असे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. कालांतराने त्या त्या संस्थेच्या संचालिका झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

प्रवेश नाकारणाऱ्यांना कमलाबाईंनी कामाने उत्तर दिले. मिळविलेले ज्ञान त्यांनी दुबळ्यांच्या उपयोगी पाडले, यातच त्यांचा खरा मोठेपणा आहे.