एका पंगतीची शाळा

साताऱ्याच्या एका वसतिगृहात पहाट होताच मुलांची लगबग सुरू होई. कोणी पाणी भरी, कोणी अंगण झाडी, तर कोणी चुलीपुढे बसून भाकऱ्या भाजी. ही मुले निरनिराळ्या जातिधर्मांची होती. ती एकत्र राबत, एका पंगतीत जेवत आणि एकत्र अभ्यासाला बसत. ज्या काळी गावातील पाणवठेही जातीजातींचे वेगळे असत, त्या काळी हे दृश्य फार दुर्मिळ होते. हे वसतिगृह चालविणारे थोर पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. कोल्हापुरास शिकत असताना ते एकदा अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील समारंभास गेले. परत आल्यावर स्नान केल्यावाचून भोजनगृहात येऊ नये, असे त्यांना बजावण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी ती आज्ञा मानली नाही व त्यापायी त्यांना राहते वसतिगृह सोडावे लागले. जेवणाच्या पंगतीतील तो भेदभाव त्यांच्या मनात कायमचा सलत राहिला.

पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी भाऊराव खेडोपाडी हिंडले. अज्ञानामुळे रयतेची होणारी दैना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात हे वसतिगृह उघडले.

येथे स्वयंपाकी नव्हता आणि गडीमाणसेही नव्हती. सारी कामे मुलांनी वाटून घ्यावयाची असत. पाणी वेळेवर आले नाही, तर स्वयंपाक खोळंबे आणि स्वयंपाक खोळंबला, की सर्वांनाच उपाशी राहावे लागे. त्यामुळे आपले काम हे सर्वांचे काम आहे, हे मुलांना उपदेशावाचून कळे. ज्याच्या हातची भाकरी आपण आवडीने खातो, त्याला हीन कसे लेखावे? हा धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता. तो मुले रोजच्या सहवासात शिकत होती.

हा संसार चालविणे सोपे नव्हते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या होत्या. तरीही त्यांनी आपल्या मनाशी झगडून सर्व जातींच्या मुलांना पोटाशी धरले. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरील दागिने एकेक करून दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. मुले आईला पारखी झाली. परंतु पंगत मोडली नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली व त्यांच्याच हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. स्वतः मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या भाऊरावांनी गावोगावी शाळा उघडल्या आणि १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालयही काढले. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

वटवृक्ष हे त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि मूळ वृक्षालाच आधार देतात. त्याचप्रमाणे या वसतिगृहातील कित्येक मुले मोठेपणी संस्थेत शिक्षक झाली आणि त्यांनी आपल्यामागून येणाऱ्या मुलांना त्याच पंगतीत बसविले.