मेंदूतला ‘रिंगरोड’ उलगडणारा विलिस

जबड्याखाली मानेच्या बाजूला हलकेच बोट ठेवा बरं. ठोके लागतायत ना? ही कॅरोटिड धमनी. मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या चार मोठ्या रस्त्यांपैकी एक. अशा दोन पुढून जातात आणि दोन मागून, मानेच्या मणक्यांमधून. आता सांगा, यातली एक पूर्ण बंद पडली तर माणसाचं काय होईल? लकवा, असंच म्हणाल ना?

इंग्लंडमधल्या थॉमस विलिसला मात्र एका मृतदेहात वेगळंच दिसलं. त्या माणसाची उजवी कॅरोटिड पार बुजलेली होती. तरी त्याला कधी लकवा झाला नव्हता. तो गेला होता पोटाच्या आजारानं! मग मेंदूला रक्त मिळत कुठून होतं? विलिसनं नीट पाहिलं. त्याच बाजूची मागची धमनी फुगून नेहमीच्या तिप्पट झाली होती.

हा विलिस १६२१ सालचा. ऑक्सफर्डमध्ये शिकत असतानाच देशात यादवी पेटली, तेव्हा हा पठ्ठ्या राजाच्या बाजूनं लढला. डॉक्टर झाल्यावर सुरुवातीला पेशंटच मिळेनात, म्हणून बाजाराच्या दिवशी शेजारच्या गावात जाऊन बसायचा. पुढे १६६० मध्ये तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला.

त्या काळी मेंदू बहुतेकदा कवटीतच वरून कापत जायचे. विलिसनं तो अख्खा बाहेर काढला आणि उलटा करून तळ बघितला. तिथं चारही धमन्या एकमेकींना जोडणारं वर्तुळ होतं. ते आधीही काहींनी पाहिलं होतं. पण ते कशासाठी आहे, हे दाखवलं विलिसनं. एका कॅरोटिडमध्ये रंगीत द्रव सोडला, तर तो दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतही पोहोचला! म्हणजे एक रस्ता अडला, तर दुसरीकडून वाट आहे. १६६४ मध्ये यावर त्याचं पुस्तक आलं. मदतीला होता रिचर्ड लोअर, आणि चित्रं काढणाऱ्यांत होता ख्रिस्तोफर रेन. हो, लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल उभारणारा तोच! १६७५ मध्ये विलिस गेला, पण नाव राहिलं. ते वर्तुळ आजही ‘सर्कल ऑफ विलिस’ म्हणूनच शिकवतात.

गंमत म्हणजे पुस्तकातल्यासारखं पूर्ण वर्तुळ अनेकांच्या डोक्यात नसतंच. कुणाची जोडधमनी दोऱ्यासारखी बारीक, तर कुणाची एका बाजूला नसतेच. हा आजार नव्हे. चेहरे वेगळे, तशी ही ठेवणही वेगळी. फरक पडतो तो रस्ता अडल्यावर. जोड चांगली असेल तर मेंदू निभावून नेतो, नसेल तर धोका वाढतो. शिवाय वर्तुळाच्या पुढची धमनी अचानक तुंबली, तर हा रिंगरोडही फारसा कामाला येत नाही. म्हणून घरात कुणाचं तोंड एकाएकी वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं अडखळलं, तर वाट बघत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.